संज्ञांची उजळणी आणि कवितेचे वाचन

परीक्षा तोंडावर आली की इंग्रजीच्या वर्गात काव्यविषयक संज्ञांची उजळणी सुरू होते. फळ्याच्या एका बाजूस सिमिली, मेटॅफर, मेटॉनिमी, आयरनी. दुसऱ्या बाजूस वादाच्या संज्ञा, म्हणजे क्लेम, एव्हिडन्स, काउंटर-आर्ग्युमेंट. प्रत्येकीची एका ओळीची व्याख्या विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि घोकतो. पुढे कवितेतील एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे मेटॅफर’ असे त्याने सांगितले की गुण पदरात पडतात. परंतु नाव सांगता आले म्हणजे ओळ वाचता आली, असे मानावे काय?

या प्रश्नाची एक संस्मरणीय परीक्षा केंब्रिज येथे झाली. आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या श्रोत्यांना कवींची नावे वगळून कविता वाचावयास दिल्या आणि त्यांवरील अभिप्राय लिहून मागितले. अशा तेरा कविता व त्यांवरील अभिप्राय यांचे विवेचन त्यांनी 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात केले. अभिप्राय लिहिणारांत बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी हाच विषय पदवीसाठी घेतलेले होते. संज्ञांची त्यांच्यापाशी वाण नव्हती. तरीही वाचकांच्या अडचणींची यादी करताना रिचर्ड्स यांना पहिले स्थान द्यावे लागले ते कवितेचा साधा, सरळ अर्थ न लागण्याला. त्याखालोखाल ठरीव प्रतिक्रिया, भावविवशता आणि काव्याविषयीचे पूर्वग्रह इत्यादी दोष येतात. कवीचे नाव झाकताच पुष्कळांच्या रसिकतेचा आधारच निसटला.

याचा अर्थ संज्ञा निरुपयोगी आहेत असा मात्र नव्हे. कार्यालयातील नित्याचेच वाक्य घेऊ. ‘डोंगराएवढ्या फायली साचल्या’ ही उपमा. ‘फायलींचा डोंगर साचला’ हे रूपक. फायलींचे नावही न घेता ‘टेबलावर डोंगर उभा आहे’ असे म्हटले, तर उपमेय उपमानाने गिळून टाकले. आपल्या शास्त्रकारांनी ही अतिशयोक्तीची एक जात मानली आहे. इंग्रजीचा वर्ग पहिल्या वाक्याला सिमिली म्हणतो व उरलेल्या दोहोंना मेटॅफर या एकाच नावाखाली घालतो. तेव्हा ‘मेटॅफर म्हणजे रूपक’ हे समीकरण शब्दकोशापुरते चालले, तरी विवेचनात अपुरे पडते. ‘सचिवालयाने हुकूम काढला’ हे मेटॉनिमीचे उदाहरण आमच्याकडे अलंकारांत न शोधता लक्षणेत शोधावे लागते. दुपारी दोन वाजता अवतरलेल्या सहकाऱ्यास ‘फारच लवकर आलात!’ असे म्हटले, तर त्या आयरनीचे घरही विपरीत लक्षणेपाशीच आहे.

रिचर्ड्स यांनीच 1936 साली मेटॅफरच्या दोन अंगांना टेनर व व्हेइकल अशी नावे दिली. उपमेय आणि उपमान यांच्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नयेत. दोहोंतील समान भूमीला ते ग्राउंड म्हणतात, तो आपला साधारणधर्म. मात्र त्यांचा भर या दोन अंगांच्या परस्परक्रियेवर आहे. फायलींना डोंगर म्हटल्याने उंची तर कळतेच. शिवाय तो ओलांडावयाचा आहे, त्याला वळसा घालता येत नाही, आणि माणूस त्याच्या पायथ्याशी खुजा दिसतो, हेही मनात येते. संज्ञेचे सार्थक येथे होते: ती वाचकाला पुन्हा ओळीकडे धाडते.

वादाच्या संज्ञांचेही असेच आहे. स्टीफन टूल्मिन यांनी 1958 सालच्या ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या ग्रंथात क्लेम आणि डेटा यांना जोडणाऱ्या, बहुधा अध्याहृत राहणाऱ्या विधानाला वॉरंट म्हटले. न्यायशास्त्रातील प्रतिज्ञा, हेतू आणि त्यांना जोडणारी व्याप्ती यांच्याशी त्यांचे नाते उघड आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. पण ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे मान्य असेल तरच. आता विद्यार्थ्याचे उत्तर पाहा: ‘या कडव्यात स-काराची आवृत्ती आहे, म्हणून वातावरण शांत आहे.’ स-कार तर सापाच्या फूत्कारातही असतो आणि वाफेच्या इंजिनातही. हेतू सव्यभिचार ठरला. अशा उत्तराला गुण मिळतात, याचे कारण संज्ञा आणि पुरावा दोन्ही हजर असतात. मधला सांधा कोणी तपासत नाही.

येथे स्वभाषेचा अभिमान मिरविण्याचेही कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चार होते. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ते शंभरावर गेले. पुढे आमच्याही शाळांतून लक्षण पाठ करावे, उदाहरण पाठ करावे आणि कवितेला रामराम ठोकावा, अशी वहिवाट पडलीच. रोग एकच, वह्या तेवढ्या दोन.

स्वप्रांतापासून दूर नेमणुकीवर असलेल्या कुटुंबांत हा प्रश्न थोडा अधिक बोचतो. मुलगा इंग्रजीच्या तासाला मेटॅफर शिकतो, घरी मराठी बोलतो, आणि त्या दोहोंची गाठ पडत नाही. मराठी कविता ही केवळ आजोळची वस्तू असून विचारपूर्वक वाचण्याची साधने इंग्रजीतच आहेत, असा त्याचा समज होऊ लागतो. त्यावर उपाय म्हणून त्याच्यापुढे आणखी एक यादी ठेवू नये. त्याने ‘मेटॅफर’ असे उत्तर दिले की कशाला काय म्हटले आहे, त्याने काय दिसले आणि काय झाकले गेले, एवढेच विचारावे. मग मराठीतील एखादी ओळ घेऊन तेच प्रश्न पुन्हा विचारावे. उत्तर देताना तो पुस्तक उघडून ती ओळ परत वाचू लागला, तर त्या दिवसाची उजळणी पुरी झाली असे समजावे.