चिमण्या राखल्या, घरे घटली

नदीकाठच्या बंद कारखान्यांचे पुनरुज्जीवन यशस्वी झाले की नाही, हे ठरवताना आपण बहुधा वास्तू पाहतो. मला हा निकष अपुरा वाटतो. लंडनचे बॅटरसी वीजकेंद्र हे त्याचे ठळक उदाहरण.

थेम्सच्या दक्षिण काठावरच्या या केंद्राचा पहिला टप्पा १९३३ साली वीज देऊ लागला, दुसरा १९५५मध्ये पुरा झाला. कोळसा नदीतूनच जहाजांनी येई. १९८३मध्ये केंद्र कायमचे बंद पडले. पण त्याआधीच, १९८०मध्ये, इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता. पुढची तीसएक वर्षे मालक आणि आराखडे बदलत राहिले, छप्पर गेले, भिंती उघड्या पडल्या. २०१२मध्ये मलेशियन गुंतवणूकदारांच्या गटाने ही ४२ एकर जागा ४० कोटी पौंडांना घेतली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये इमारत लोकांसाठी खुली झाली. आता टर्बाइनच्या दालनांत दुकाने आहेत, वर अॅपलची कार्यालये, आसपास निवासी इमारती आणि जवळच नवे भुयारी स्थानक. काठावरून कोणालाही फिरता येते. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. चारही चिमण्यांचे काँक्रीट खराब झाले होते. त्या उतरवून, मूळ आकाराबरहुकूम २०१७पर्यंत पुन्हा बांधल्या गेल्या. काम खर्चिक होते, तरी तीनच चिमण्या उभारण्याची मुभा कोणी मागितली नाही. त्याच २०१७मध्ये, खर्च वाढल्याचे कारण देऊन, परवडणाऱ्या घरांची संख्या मात्र ६३६वरून ३८६वर आणण्यात आली. वॉन्ड्सवर्थ कौन्सिलने त्याला मान्यता दिली. चार हजारांवर घरांच्या या योजनेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली जाते.

खासगी पैशाशिवाय सांगाडा कोसळला असता, हा बचाव खरा आहे. पण वाढलेल्या खर्चाचा भार नेमका परवडणाऱ्या घरांवरच का पडला, याचे उत्तर त्यात नाही. चिमण्यांमागे वारसा-कायदा उभा होता. घरांमागे होता तो फक्त करार, आणि तो नफ्याच्या गणितानुसार पुन्हा उघडता येत होता.

मुंबईकराला ही गोष्ट परकी वाटू नये. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१च्या नियमात तिहेरी वाटणी होती: एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सार्वजनिक हिस्सा आक्रसला आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. तिथे नदी नव्हती, संपात होरपळलेले गिरणगाव होते. पण ज्या वाटेने घरे गेली ती वाट तीच.

म्हणून अशा प्रकल्पांचे परीक्षण करताना मी पहिल्या मंजुरीतील घरांचा आकडा शेवटच्या आकड्याशी ताडून पाहतो. विटांना जे कायदेशीर संरक्षण मिळते, ते या आकड्यालाही मिळाले पाहिजे. तोवर वाचते ती इमारत. वस्ती कोणाची, हे बाजारच ठरवतो.