दरोड्याला माणसं किती?

परवा वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. लेखकाचं नाव सांगत नाही. उद्या त्यांचं खातं आमच्याच शाखेत निघायचं! पहिल्याच प्रकरणात दोघेजण पिस्तूल दाखवून बँक लुटतात आणि इन्स्पेक्टरसाहेब त्यांच्यावर दरोड्याचा गुन्हा नोंदवतात. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. दोनच! अहो, कायद्याने दरोड्याला निदान पाच माणसं लागतात. चारपर्यंत ती नुसती जबरी चोरी. आम्ही पडलो बी. कॉम.; आकडा चुकला की पुढचा घास गिळवत नाही.

तरी रेटलं. कथा 2025 सालची. खून पडतो आणि इन्स्पेक्टर ‘तीनशे दोन!’ म्हणून गरजतात. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात खुनाच्या शिक्षेचं कलम 103. आणि 302 कलम आहे मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारल्याबद्दल. म्हणजे माणूस जिवानिशी गेला, आणि खुन्यावर आरोप काय, तर वेडंवाकडं बोलल्याचा! ‘चारशे वीस’ तर आता नावालाही उरलं नाही. नव्या संहितेत कलमंच मुळी 358.

इथवर मी हसत होतो. मग कॅशियर आला. संध्याकाळी त्याची कॅश टॅली होत नाही, पाच हजार कमी भरतात, आणि लेखकराव त्याला अपहाराच्या आरोपाखाली थेट बेड्या ठोकतात. अहो महाराज, अपहाराला मनात अप्रामाणिक हेतू असावा लागतो! मोजताना दोन नोटा चिकटून गेल्या, हा गुन्हा नव्हे. ते पैसे आम्ही मुकाट्याने खिशातून भरतो. मीही एकदा भरलेत. त्या दिवाळीत हिची साडी राहिली ती राहिलीच.

कादंबरी हिनेही वाचली. रात्री ताक वाढता वाढता हळूच म्हणाली, “अहो, तेव्हाचे ते पैसे... मोजण्यातच चुकले होते ना?”

ताक घशाखाली उतरेना. इतक्या वर्षांचा संसार, आणि एका चुकीच्या आरोपाने मी आरोपी!

लेखकाने कथेत खुशाल कोणालाही तुरुंगात धाडावं. फक्त कलम लावण्याआधी कायद्याचं पुस्तक उघडावं. आम्ही शंभर रुपयांचा चेक पास करतानासुद्धा सही ताडून पाहतो.