टेसचा न्याय

टॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी १८९१ सालीं पुस्तकरूपानें निघाली, तेव्हां ग्रंथनामाखालींच त्यानें नायिकेस ‘शुद्ध स्त्री’ म्हटलें होतें. विवाहापूर्वीं जिला मूल झालें तिला शुद्ध म्हणावें, हें अनेक इंग्रज वाचकांस दुःसह झालें. तत्पूर्वीं ‘ग्राफिक’ साप्ताहिकांत ती क्रमशः येत असतां टेसच्या पतनाऐवजीं खोट्या लग्नाचा प्रसंग घालावा लागला. पाण्यानें भरलेल्या वाटेवरून नायकानें गवळणींस उचलून नेणेंही गैर ठरलें, म्हणून त्यांना हातगाडींत बसवावें लागलें!

हार्डी हा धर्माचा वैरी, असा आरोप तेव्हांपासून होत आला आहे. परंतु लक्षपूर्वक वाचणारास दिसेल कीं, धर्मश्रद्धा आणि अब्रूची चाड या दोन भिन्न वस्तू आहेत, हेंच ही कादंबरी शिकविते.

प्रथम धर्माची कठोर बाजू पाहूं. अ‍ॅलेक या श्रीमंत तरुणाच्या वासनेस बळी पडलेली टेस घरीं परतत असतां, वाटेवर एक मनुष्य कुंपणाच्या फळ्यांवर पाप्यांस धमकावणारीं वचनें तांबड्या रंगानें लिहीत असतो. पुढें तिचें तान्हें मूल मरणोन्मुख होतें. अब्रूच्या भयानें बाप पाद्र्यास घरांत येऊं देत नाहीं, म्हणून ती स्वतःच बाप्तिस्मा देते. हा संस्कार बाळास पुरेसा आहे, असें पाद्री द्रवून सांगतो. पण विधिपूर्वक दफन करण्यास मात्र तो धजत नाहीं.

आतां तिचा पति एंजल क्लेअर पाहा. धर्मावरील श्रद्धा ढळल्यामुळें या पाद्र्याच्या मुलानें पाद्री होण्याचें नाकारलें आहे. लग्नाच्या रात्रीं तो लंडनमधील आपल्या स्वैराचाराची कबुली देतो, आणि टेस त्याला तत्काळ क्षमा करते. तिची कबुली ऐकून मात्र हा स्वतंत्र विचारांचा अभिमानी तिचा त्याग करतो. वास्तविक त्याचें स्खलन स्वखुषीचें, तिचें लादलेलें! उलट त्याचे वडील कडवे श्रद्धाळू असूनही पतितांविषयीं त्यांच्या मनांत कळवळा आहे. टेस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरते. मुलांवरून बापाची पारख केली हें तिचें दुर्दैव, असें हार्डीच सांगतो. श्रद्धावानास निदान क्षमेची आज्ञा तरी असते. ज्याच्यापाशीं केवळ अब्रू उरली, त्याला ती कोण देणार?

श्रद्धेबरोबर न्यायबुद्धि येतेच, असेंही नाहीं. अ‍ॅलेक पुढें कांहीं काळ धर्मोपदेशक बनतो, आणि आपल्याला मोह घालणार नाहीं अशी शपथ टेसलाच घ्यावयास लावतो!

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. टेसनें लग्नापूर्वीं लिहिलेलें कबुलीपत्र दाराखालून नेमकें जाजमाखालीं सरकतें आणि एंजलच्या हातीं पडत नाहीं. अशा योगायोगांची येथें रेलचेल आहे. शेवटीं टेस फांशीं जाते, तेव्हां ग्रंथकार देवांच्या क्रीडेकडे बोट दाखवितो. त्यामुळें माणसांचा अन्याय दैवाच्या खातीं जमा होतो आणि एंजलसारखे सज्जन सुटतात. वस्तुतः पत्र वेळेवर मिळालें असतें, तरी एंजलचा तराजू तोच राहिला असता. आपल्या घरांतही मुलाचें व मुलीचें स्खलन एकाच तराजूंत तोललें जातें काय, हें सुज्ञ वाचकानें पुस्तक मिटल्यावर अवश्य पाहावें.