निरोपानंतरचा विद्यार्थी



आजचा विषय ‘परदेशी शिक्षण’ असा जाहीर झाला, तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारले, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. ‘संधी’ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आणि परदेशी शिक्षणाविषयी आपण मराठीत जे बोलतो, छापतो, त्यात या शब्दाचा अर्थ फार पातळ झालेला आहे, अशी आमची तक्रार आहे.

आधी या लिखाणाचा नमुना पाहू. रिसोडचा, मानोऱ्याचा, मंगरूळपीरचा एखादा मुलगा लंडनला निघतो. शेतमजुराचा मुलगा साता समुद्रापार, असा मथळा येतो. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. आनंदाचीच गोष्ट आहे, आम्हीही टाळ्या वाजवतो. पण ही बातमी विमानतळावर संपते. सरकारी योजनेचा कागद उघडा: पात्रता, उत्पन्नाचा दाखला, जागा किती, निवड किती. तोही विमानतळावर संपतो. एजंटांची माहितीपत्रके पाहा: फी किती, विद्यापीठाचा क्रमांक कितवा, व्हिसा किती दिवसांत. तीही तिथेच संपतात. या तिन्हींना मिळून आम्ही ‘निरोपाचे वाङ्मय’ म्हणतो. त्यात जाणे आहे, पोचणे नाही. पोचल्यावर त्या पोराला कोण भेटले, पहिला निबंध कसा लिहिला, पैसे वेळेवर आले का, हे त्यात कुठेच नाही.

बरं, ही सवय आजची नाही. बाबासाहेबांचे शिक्षणसुद्धा आपण असेच सांगतो. दरवर्षी १४ एप्रिलला ऐकतो ना आपण? सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, बाबासाहेब अमेरिकेला गेले, अठरा अठरा तास वाचन केले आणि पदव्या घेऊन आले. त्यांचे कष्ट खरेच आहेत, त्याबद्दल शंका नको. पण कष्टांवरच थांबलो, की कष्टांना फळ येण्यासाठी आजूबाजूला काय होते ते दिसत नाही.

काय होते? बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. जुलै १९१३ मध्ये ते न्यू यॉर्कला पोचले. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. म्हणजे इकडेतिकडे शिरून पाहण्याची मुभा त्या विद्यापीठाने दिली होती, आणि त्यासाठी लागणारा वेळ शिष्यवृत्तीने दिला होता. सेलिग्मनसारखा प्राध्यापक पाठीशी होता, ज्याने पुढे लंडनच्या प्राध्यापकांना या विद्यार्थ्यासाठी परिचयपत्र लिहिले. नवल भथेना नावाचा पारशी मित्र तिथे जोडला गेला. आणि डुई होते. १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया सोडून लंडनला गेले, त्याच वर्षी डुईंचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ प्रसिद्ध झाले. शिक्षण हातात वस्तू दिल्यासारखे देता येत नाही, ते भोवतालातून घडते, हा त्या ग्रंथातला एक मुख्य विचार. डुईंच्या या विद्यार्थ्याला कोलंबियात तसा भोवताल मिळाला होता.

आता उलट बाजू बघा. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. परत जाता आले ते १९२० मध्ये: सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, भथेनांकडून कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढे जमल्यावर. डी.एस्सी. मिळाली १९२३ साली. माणूस तोच, बुद्धी तीच, कष्ट तेच. आधार होता तेव्हा काम चालले, आधार तुटला तेव्हा तीन वर्षे थांबले. ‘बाबासाहेबांना कोणी मदत केली होती? मग आजच्या पोरांना कशाला?’ असे जे विचारतात, त्यांनी हे चरित्र पुन्हा वाचावे.

आनंदीबाई जोश्यांचेही तसेच. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, या धाडसाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावात कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रेचल बॉडली या डीनबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिले, म्हणून १८८६ साली पदवी हाती आली. तरीही त्या देशाच्या थंडीत प्रकृती ढासळली ती ढासळलीच. नुसता जिव्हाळा पुरत नाही, व्यवस्था लागते, हेही त्याच चरित्रातून शिकायचे आहे.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. आपल्या भागातला मुलगा अमरावती विद्यापीठाचा पदवीधर. त्याची परीक्षेची तयारी कशी झालेली असते? ‘सविस्तर चर्चा करा’ असा प्रश्न, आणि उत्तर म्हणजे गाईडमधली चर्चा जशीच्या तशी. पाठांतर ही आपल्याकडे गुरूविषयीच्या आदराची खूण आहे, परंपरेने ती मानाची आहे. तोच मुलगा लंडनला जातो आणि ग्रंथकाराचे वाक्य आदराने, पण संदर्भ न देता, निबंधात उतरवतो. तिथे त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात, त्याची चौकशी होऊ शकते. मुलगा चोर नाही. ज्ञानाविषयीच्या दोन रीतींमध्ये तो सापडला आहे, आणि मधला पूल कोणी बांधलेला नाही.

तिथल्या विद्यापीठांत सोयी असतात, हे मान्य. अभ्यासक्रमाआधीचे इंग्रजीचे वर्ग असतात, लेखन-मार्गदर्शन केंद्रे असतात, विद्यार्थ्यामागे एक ट्यूटर नेमलेला असतो, प्राध्यापक भेटीच्या वेळा लावून बसतात. पण आपल्या पोराला वाटते, तिथे गेलो तर आपण कच्चे ठरू. सरांच्या खोलीत बोलावले तरच जायचे, हे त्याने इथे शिकलेले असते. सोय असणे आणि ती वापरता येणे, यात अंतर आहे. अमर्त्य सेन यांचा सगळा विचार या अंतराभोवती फिरतो: हक्क कागदावर किती आहेत यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, ते मोजा.

त्यात ब्रिटनची एम.ए. सहसा एक वर्षाची. सप्टेंबरात पोचायचे, नाताळच्या आसपास पहिले निबंध द्यायचे. रीत कळेपर्यंत निम्मे वर्ष गेलेले असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन वर्षे मिळतात, पण खर्च मोठा. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, मात्र व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. एजंट हे आकडे सांगतो. पण ‘पोरा, तुला सावरायला किती महिने लागतील?’ हे तो विचारत नाही. आमच्या मते देश निवडतानाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

पैशांचे पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड राहिला आहे. वरखर्चाची छोटी रक्कम वेगळी. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. ब्रिटनच्या व्हिसा नियमांनी जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च १,४८३ पौंड धरला. मधली तफावत तो मुलगा कशी भरतो? रात्री कुठेतरी काम करून. आणि सकाळी निबंध. मग मागे पडला, की ‘आरक्षणवाला आहे’ म्हणायला लोक तयारच!

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्हाला सर्वांत जास्त खुपते. २०२२ साली याच योजनेच्या नियमांत एक ओळ आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाजाचा अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला शिष्यवृत्ती नाही. आता आठवा, ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एका चोवीसपंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. या नियमाखाली त्या विषयाला पैसे मिळाले नसते. ज्या मुलाने जात भोगली, त्याने तिचा विचार सोडून बाकी काहीही शिकावे, हा कुठला न्याय? विद्यार्थ्याला पैसे देऊन त्याचा प्रश्न काढून घेणे, याला आम्ही आधार म्हणायला तयार नाही.

आता आपल्या राज्याच्या योजनेचे नाव काय? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. नाव शाहूंचे घेतले, तर शाहूंनी काय केले तेही पाहायला हवे. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा अनेक समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. कारण त्यांना एक गोष्ट कळली होती: शाळेचे दार उघडून भागत नाही. खेड्यातून आलेल्या पोराला रात्री टेकायला जागा, जेवण, दिवा आणि शेजारी अभ्यास करणारा दुसरा पोरगा लागतो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या सुरुवातीच्या कामांत १९२५ चे सोलापूरचे वसतिगृह आहे, हा योगायोग समजू नका. कोलंबियात काय मिळाले होते, ते त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हणून आमची टीका एका वाक्यात सांगायची तर अशी: या योजनेत शाहूंचे नाव आहे, वसतिगृह नाही. तिकीट आहे, दिवा नाही.

कोणी म्हणेल, सर, फार लाड होतील. मोठी झालेली पोरे आहेत, करतील आपले आपण. यावर आमचे उत्तर असे. श्रीमंत घरच्या मुलामागे हे सगळे असतेच: इंग्रजी शाळा, परदेशातला मामा, निबंध तपासून देणारी ताई. त्याला कोणी लाड म्हणत नाही, कारण तो आधार घरात असतो, दिसत नाही. गरिबाचा आधार सरकारी कागदावर येतो म्हणून डोळ्यांत भरतो. एवढाच फरक आहे.

मग करायचे काय? निवड झाल्यापासून विमान सुटेपर्यंतचे महिने रिकामे जातात, तिथे वाचन, लेखन, संदर्भ देण्याची रीत शिकवणारा वर्ग घ्या. भत्त्याचा पहिला हप्ता विमानात बसण्याआधी द्या. भत्ता त्या शहराच्या महागाईशी जोडा. आधी जाऊन आलेल्यांना नव्यांशी जोडा. हे जमते. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला शिकले, आणि त्यांनी उभारलेली एकलव्य संस्था ग्रामीण, पहिल्या पिढीच्या मुलांना असे मार्गदर्शन देते. एका संस्थेला जे जमते, ते शासनाला का जमू नये?

आणि आपण? वाशीमच्या कॉलेजात दर जून-जुलैमध्ये तांड्यावरून, वस्तीवरून नवी पोरे येतात. त्यांच्यासाठी हे कॉलेजच परदेश असते. ग्रंथालयात पुस्तक कसे शोधायचे, सरांना प्रश्न कसा विचारायचा, स्वतःचे वाक्य कसे लिहायचे, हे त्यांना पहिल्या वर्षी कोणी शिकवते का? ते इथे शिकवले, तर लंडनचा पूल निम्मा इथेच बांधून होईल. पुढच्या वेळी सत्कार कराल, तेव्हा शाल जरूर द्या. पण त्या पोराचा फोन नंबर घ्या, आणि नोव्हेंबरात, पहिला निबंध द्यायच्या आधी, त्याला विचारा: बाबा, कसं चाललंय?