चाळीतील मुखवटे आणि मनःस्वास्थ्य

माणूस चारचौघांत जसा दिसू इच्छितो आणि एकांतात जसा असतो, या दोहोंतील अंतर हेच त्याच्या मानसिक अस्वास्थ्याचे मूळ होय, असा एक समज टीकालेखनात रूढ आहे. या समजानुसार मुखवटा हा दोष ठरतो आणि तो गळून पडणे ही मुक्ती ठरते. मुंबईच्या चाळजीवनाचे चित्रण करणाऱ्या मराठी वाङ्मयाच्या संदर्भात हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण चाळीत मुखवटा घालणे जितके आवश्यक, तितकेच तो टिकविणे दुष्कर असते.

अर्विंग गॉफमन याने दैनंदिन जीवनातील आत्मप्रदर्शनावरील आपल्या ग्रंथात (१९५६, विस्तारित आवृत्ती १९५९) रंगमंच आणि नेपथ्यामागील जागा असा भेद कल्पिला आहे. भोजनगृहात अदबीने वावरणारा वाढपी स्वयंपाकघरात शिरताच सैलावतो. हे सैलावणे शक्य व्हावे म्हणून मध्ये भिंत लागते. ही भिंतच चाळीत नसते. एका खोलीचा संसार, सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि दिवसभर उघडे असणारे दार यांमुळे सारा वावर प्रेक्षकांसमोरच होतो.

गॉफमनच्या ग्रंथाची विस्तारित आवृत्ती निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ साली, पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ प्रसिद्ध झाले. त्यातील जवळजवळ प्रत्येक पात्र आपण कोणी विशेष असल्याचा आव आणते. ‘उपवास’ या लेखात वजन उतरविण्याचा खाजगी संकल्प पाहता पाहता सार्वजनिक होतो. प्रत्येक शेजारी आपापले आहारशास्त्र पाजळतो आणि अखेरीस संकल्प फसतो. गच्चीसाठी उभारलेल्या लढ्यात तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची सारी भाषा अवतरते. आव आणणाराचे खरे रूप शेजाऱ्यांना पुरते ठाऊक असते; तरीही त्याला आव आणू दिला जातो. तो उघडा पडला तर हशा पिकतो आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत् चालू राहतो. या हशातच त्या चाळीचे स्वास्थ्य आहे.

तथापि एवढ्यावरून जुन्या चाळीत माणसे मनाने निरोगी होती, असा स्मरणरम्य निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सोमण, पावशे, त्रिलोकेकर, रेगे, गुप्ते ही आडनावे पाहिली तरी ही वस्ती पांढरपेशांची आहे, हे ध्यानात येते. ओढग्रस्तीची का होईना, पण तेथे पगाराची शाश्वती आहे. हसून सोडून देण्याचे औदार्य या शाश्वतीवर उभे आहे.

ती नाहीशी झाली म्हणजे काय घडते, हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातील धुरी कुटुंब हा या नाटकाचा विषय आहे. एक मुलगा लेखकाची प्रतिमा जपतो, दुसरा क्रिकेटच्या विश्वात रमतो, तिसरा गुंडगिरीत आपला रुबाब शोधतो. येथे मुखवटा शेजाऱ्यांपुढे नव्हे, तर प्रत्यक्ष घरच्यांपुढे घातलेला आहे. तो उतरला तर खाली बेकारीखेरीज काही उरत नाही. म्हणून येथे हशा नाही, कलह आहे. त्याचा भार आईवर पडतो, कारण तिला कोणतीही प्रतिमा जपण्याची सवड नाही.

बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत याहून उग्र टोक गाठले जाते. कथा मुंबईबाहेर घडते. पण लेखकाची जडणघडण माटुंग्याच्या लेबर कँपातील आहे. जात लपविल्याविना निवारा मिळत नाही आणि ती उघड होताच मारहाण होते. योगायोग असा की, कलंक लपवून वावरणाऱ्यांविषयीचा गॉफमनचा ग्रंथही १९६३ सालचाच. परंतु बागुलांनी एक पाऊल पुढे टाकले आहे. त्यांच्या कथेतील काशिनाथ जात न लपविता वावरतो आणि तरीही त्याच्या मनाला स्वास्थ्य नाही. मुखवटा नाकारणाऱ्यालाही समाज स्वस्थ बसू देत नसेल, तर मुखवटा गळणे म्हणजे मुक्ती, हे सूत्र टिकत नाही.

या तीन कृती एकत्र वाचल्या असता असे दिसते की, मनःस्वास्थ्याची कसोटी दिसणे आणि असणे यांतील अंतरात नाही. उघडे पडल्यावर जी किंमत मोजावी लागते, तीत आहे. गिरगावच्या चाळीला साजेशा त्या विनोदी जगात ती किंमत हशा आहे, गिरणगावात घराची मोडतोड आहे आणि बागुलांच्या कथेत ती देहावर घेतलेला मार आहे. पात्राच्या दांभिकतेचे मोजमाप करणाऱ्या टीकेने प्रथम त्याच्या प्रेक्षकांची झडती घ्यावयास हवी.