जड पाणी आणि 'हेवी वॉटर'

आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही विज्ञान प्रदर्शन पाहत होतो. आठवीतल्या एका मुलीने तीन बाटल्यांत पाणी ठेवले होते: पावसाचे, विहिरीचे आणि बोअरचे. तिन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून ती बाटल्या हलवून दाखवी. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस, बोअरच्या पाण्याला जेमतेम. प्रयोग नेटका होता. पाहुण्यांपुढे मात्र तिला इंग्रजीत बोलावे लागे, आणि बोअरच्या बाटलीवर बोट ठेवून ती म्हणे, "धिस इज हेवी वॉटर." घरी सगळे त्याला जड पाणीच म्हणतात, आणि जड म्हणजे हेवी हे तिने समानार्थी शब्दांच्या यादीतून पाठ केलेले.

साबणाला दाद न देणारे पाणी इंग्रजीत 'हार्ड'. खडकामातीतून झिरपताना त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, साबण फेस होण्याऐवजी त्यांच्याशी संयोग पावतो आणि त्याचा साका तयार होतो. पाठ्यपुस्तकाने यासाठी दुष्फेन हा शब्द दिला आहे. तो अचूक असला तरी विहिरीवर कोणी बोलत नाही. 'हेवी वॉटर' ही वस्तूच वेगळी. त्यातल्या हायड्रोजनची जागा ड्यूटेरियम या जड समस्थानिकाने घेतलेली असते, एक लिटरचे वस्तुमान सुमारे 1.1 किलो भरते आणि अणुभट्टीत न्यूट्रॉनची गती कमी करायला ते वापरतात. गंमत अशी की विज्ञानाच्या पुस्तकात त्याचेही नाव जड पाणीच! तेव्हा मुलीने शब्द चुकीचा पाठ केला असे म्हणता येत नाही. तिने पाठ केलेली यादीच अर्धी होती.

या याद्यांबद्दल आमची तक्रार आहे. डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक, मध्ये बरोबरीची किंवा फुलीची खूण. शब्द जणू गणितातली संख्या आहे, तिला एकच ऋण संख्या असते. प्रत्यक्षात उलट शब्द हा शब्दाचा नसतो, शब्दाच्या एका वापराचा असतो. हे मराठीत आपल्याला न शिकवता कळते. पातळ आमटीच्या उलट घट्ट, पातळ कागदाच्या उलट जाड, बारीक माणसाच्या उलट जाडा. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'थिन' चालते. उलट करताना मात्र आमटी आणि कागद 'थिक' होतात, माणूस 'फॅट'.

नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो घ्या. क्रेटमधला हिरवट टोमॅटो कच्चा, कारण तो पिकलेला नाही, इंग्रजीत 'अनराइप'. कोशिंबिरीतला लालबुंद टोमॅटोही कच्चाच, कारण तो शिजवलेला नाही, इंग्रजीत 'रॉ'. म्हणजे एकच टोमॅटो एकाच वेळी पिकलेला आणि कच्चा असू शकतो, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. तसेच ओल्याचे. यादी सांगते, 'ड्राय'च्या उलट 'वेट'. आता भीमाशंकरच्या बाजूला हिरडा वेचणाऱ्या घरातल्या मुलाने ओल्या हिरड्याला 'वेट' म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल हिरडा पावसात भिजला. तेथे हवा 'फ्रेश'. ओले खोबरेही असेच. 'वेट कोकोनट' आम्ही एका वहीत वाचले आहे, त्यावर बरोबरची खूण होती.

समानार्थी शब्दांतही हीच घाई. 'लेपर्ड' आणि 'पँथर' ही आपल्या बिबट्याचीच दोन नावे, येथे बरोबरीची खूण शोभते. पण जुन्नरकडे लोक बिबट्याला सरसकट वाघ म्हणतात, म्हणून निबंधात उसाच्या फडात 'टायगर' येऊन बसतो. या भागातल्या उसात राहतो तो बिबट्या. वाघ हा बोलीतला शब्द म्हणून चुकीचा नाही. इंग्रजीत नेताना मात्र कोणता प्राणी, हे आधी विचारावे लागते.

सर्वांत बोलके उदाहरण खोडदला आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. यादीत 'नॉइज'च्या उलट 'सायलेन्स'. खोडदच्या कामात 'नॉइज' म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हेच. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरींत यंत्राच्या उष्णतेमुळे किंवा ठिणग्या उडवणाऱ्या मोटारीमुळे जे नको ते मिसळते, ते 'नॉइज'. त्याच्या उलट शांतता नव्हे, 'सिग्नल'. सहलीला जाण्याआधी वर्गात एवढे बोलून घेतले तर माहिती देणाऱ्याचे निम्मे बोलणे तरी वाया जाणार नाही.

शब्द अर्थांनुसार लावून ठेवण्याची कल्पना विज्ञानाला परकी नाही. 1852 साली इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध अर्थकोश काढणारा पीटर मार्क रॉजे हा डॉक्टर होता, रॉयल सोसायटीचा चिटणीसही होता. परस्परविरुद्ध कल्पना त्याने शेजारशेजारच्या रकान्यांत मांडल्या. पण एका शब्दासमोर एक शब्द अशा नव्हे, शब्दांच्या गटासमोर गट अशा. आपल्या मार्गदर्शकांनी रकाने तेवढे घेतले, गट सोडून दिले.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. साठ वह्या तपासायच्या, तर एकच उत्तर असलेला प्रश्न सोयीचा. पण सोय तशीच ठेवूनही शब्दाऐवजी वाक्य देता येते. 'द बास्केट इज लाइट' लिहिले की 'डार्क' लिहिणारा चुकला हे त्याला स्वतःला कळते. नुसते 'लाइट' देऊन 'हेवी' नाही म्हणून गुण कापणे हा अन्याय आहे, आणि तो आम्ही पाहिला आहे.

त्या मुलीला आम्ही 'हार्ड वॉटर' सांगितले. तिने लगेच विचारले, मग पावसाचे 'लाइट वॉटर' ना? आम्ही म्हटले, नाही, 'सॉफ्ट'. पण 'लाइट वॉटर'ही असते. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावर चालतील अशा बांधलेल्या, आणि त्या साध्या पाण्याला अणुशास्त्रात 'लाइट वॉटर' म्हणतात. शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत 'हेवी'. तिने बाटलीवरची चिठ्ठी काढली, मागच्या बाजूला नवे नाव लिहिले आणि विचारले, "मग माझ्या तिन्ही बाटल्या 'लाइट'च की!"