मानकातला आकडा नेमका कोणत्या जहाजाचा?

समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मच्या सुरक्षेवर लिहायला घेतलं की आपण आधी एक तक्ता करतो: मानक, आवृत्ती, वर्ष. वर्ष नवं तर मानक अद्ययावत. ही पद्धत सोपी आहे, पण मला ती अपुरी वाटते.

मुंबई हायचंच उदाहरण घ्या. २७ जुलै २००५ ला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमीला घेऊन ओएनजीसीच्या मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलं. समुद्र खवळलेला, त्यात जहाजाच्या थ्रस्टरमध्ये बिघाड. जहाजाचा हेलिडेक रायझरवर, म्हणजे समुद्रतळाशी जोडलेल्या वायूच्या उभ्या पाइपवर आदळला. आग लागली, साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ माणसं गेली. रायझरला गार्ड होते, पण लहान पुरवठा जहाजांच्या हिशोबाने बसवलेले. प्लॅटफॉर्म १९८१ चा होता. मधल्या काळात शेजारी येणारी जहाजं मोठी झाली, गार्ड मात्र तेच राहिले.

आता आकडे बघा. अमेरिकेच्या एपीआय आरपी २ए मानकाच्या २१व्या आवृत्तीत, मेक्सिकोच्या आखातासाठी, धडकेचं जहाज सुमारे १,००० टनांचं आणि वेग सेकंदाला ०.५ मीटर धरलाय. नॉर्वेच्या नॉरसॉक मानकांत बराच काळ ५,००० टन आणि २ मीटर होते. बारावीचं सूत्र लावा, ½mv². पहिलं उत्तर साधारण ०.१२५ मेगाज्यूल, दुसरं १०. जवळपास ८० पट फरक! तो आवृत्तीच्या वर्षातून येत नाही, 'कोणतं जहाज येईल' या गृहीतकातून येतो.

या अपघातानंतर २००८ मध्ये आपल्याकडे ऑफशोअर सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले, देखरेख ओआयएसडीकडे आली. जोखीम तपासायची जबाबदारी कंपनीवर टाकली, हे योग्यच झालं. पण असे नियम कितीही चांगले असले तरी डिझाइनचे आकडे मानकातून येतात, आणि नवी आवृत्ती जुना पाइप आपोआप हलवत नाही.

म्हणून तुमच्या तक्त्यात आणखी दोन रकाने घाला: आकड्यामागचं गृहीतक काय, आणि बदल जुन्या प्लॅटफॉर्मला लागू आहे का, असेल तर कधीपर्यंत. दुसऱ्या रकान्याचं उत्तर सापडत नसेल, तर तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच आहे.